झाकणाखालचा आवाज

फोन आला तेव्हा मी मोहर्लीत होते. सफारीच्या जिप्सी चालवणाऱ्या पोरांच्या मागण्यांचं पत्रक हातात होतं, तिसऱ्या मागणीवरून टपरीवर वाद पेटला होता आणि मी नेहमीसारखी सगळ्यांच्या वरच्या आवाजात बोलत होते. पलीकडून वामनभाऊंच्या खानावळीतल्या सुलोचनाबाई म्हणाल्या, "पोरी, तुहे भाऊ गेले. सकाळी भात मांडला अन् खुर्चीवर बसले... बसलेच." मग जरा थांबून, "भात मी उतरवला. करपू नाई देल्ला." पत्रकांचा गठ्ठा तसाच काखेत मारून मी चामोर्शीची गाडी गाठली. जागा असूनही बसवेना. उभीच राहिले, आणि सारखं वाटत राहिलं की हा ड्रायव्हर मुद्दाम हळू चालवतोय.

चामोर्शीच्या बसस्थानकामागे वामनभाऊंची सहा बाकांची खानावळ, आणि दर मंगळवारी सकाळी अकराला रेडिओवर त्यांचा कार्यक्रम. नऊ वर्षं. मोठ्या हॉटेलातला कुणी त्यांना शेफ म्हणाला की चिडायचे. "सैपाकी आहो मी. टोपी नाई घालत." लाखोळीची भाजी, जवसाची चटणी, बांबूच्या कोवळ्या कोंबांचे वास्ते, असं इथल्या घराघरांत होणारंच ते सांगत. पण कधी 'दोन चमचे' नाही, कधी 'पाच मिनिटं' नाही. त्यांचं म्हणणं, प्रत्येकीची चूल वेगळी, लाकूड वेगळं, मग मिनिटं कोणाची धरायची? ते मोबाइल कढईजवळ धरत आणि म्हणत, "ऐका... अजून नाई... अजून नाई... हां, आता." ऐकणाऱ्या बायका आपापली कढई चढवून बसलेल्या असत. मोहरी तडतडायच्या आधी तेल कसं गप्प होतं, हे मला त्या माणसाने कानाने शिकवलं.

खानावळीच्या पाटीवर आडनाव नव्हतं. सुरुवातीच्या दिवसांत काही गिऱ्हाइकं गल्ल्यापाशी उभी राहून आधी आडनाव विचारत, मग घड्याळाकडे बघत, मग गाडी सुटेल म्हणून निघून जात. त्यांची गाडी तासभर सुटायची नाही. मंगळवारी अकराला मात्र त्याच लोकांच्या स्वयंपाकघरात भाऊंचा आवाज घुमायचा. मला हे सहन होत नसे. माझे बाबा आयुष्यभर चळवळीची पत्रकं वाटत फिरले. माझ्या शाळेच्या वह्यांना कव्हरं पत्रकांची, डब्यातल्या भाकरीखाली पत्रक. आमचं घर धम्मदीक्षा घेतलेलं, भाऊंचंही. मी त्यांना दर आठवड्याला तेच म्हणायचे, "भाऊ, एकदा सांगा ना रेडिओवर, हे जेवण कोणत्या मोहल्ल्यातून येतं ते."

"तुह्या पत्रकात मीठ लय असते पोरी," ते हसायचे. "रेडिओवर हात दिसत नाई. म्हणून तं माहा हात त्यायच्या चुलीपर्यंत पोचला."

"म्हणजे लपवलाच ना?"

एकदा यावर ते हसले नाहीत. कांदा चिरत राहिले, आणि चिरून झाल्यावर म्हणाले, "कोथिंबीर निवड." मी निवडली, पण माझं समाधान झालं नाही. आजही झालेलं नाही. जो माणूस सगळ्यांना जेवू घालतो त्यानेच समजूतदार का व्हायचं, हा प्रश्न मी त्यांच्या पुण्यानुमोदनाला जमलेल्या भाषणबाज मंडळींनाही विचारला. तिथे भाऊंना 'झाडीपट्टीच्या चवीचा मानबिंदू' म्हणणाऱ्या एकाला मी गल्ल्यापाशी घड्याळ बघताना पाहिलेलं होतं. त्यालाही ते ठाऊक असावं. माझ्याकडे न बघता खाली उतरला.

पण दुसऱ्यांचे हिशेब मागताना स्वतःची चूक सांगायला हवी. कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मी करायचे. रेडिओ केंद्रात शेगडी पेटवायला मनाई, म्हणून खानावळीतच मोबाइलवर आवाज घ्यायचा आणि कापून-जोडून केंद्राला पाठवायचा. पहिल्याच महिन्यात मी भाऊंचं सगळं गप्प राहणं कापून टाकलं. तेल तापतंय, कोणी बोलत नाही, चार मिनिटं नुसतं काहीतरी सुरसुरतंय... मला ते वाया जाणं वाटलं. त्या वेळात किती काही सांगता आलं असतं! माझं काम फारच चोख झालं, भाऊ एकामागून एक वाक्य धडाधड बोलू लागले. मंगळवारी दुपारी भामरागडच्या पलीकडून एका आशाताईचा फोन आला. तिथे रेडिओ पोचत नाही. केंद्राला पाठवतानाच आम्ही मेमरी कार्डंही गाडीने धाडायचो आणि तिथल्या बायका ती एकत्र बसून ऐकायच्या. आशाताईने विचारलं, "आज भाऊले कुठी जाची घाई होती का? त्यायनं 'आता' म्हटलं अन् आमी जवस टाकले. तेल तं थंडच होतं. साऱ्या गावाची चटणी कच्ची झाली."

भाऊ शेजारीच ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, "कापलं काऊन?" मी म्हणाले, "त्यात काहीच नव्हतं भाऊ." ते म्हणाले, "त्यातच तं सैपाक होता." पुढच्या मंगळवारी त्यांनी साऱ्या गावाची माफी मागितली, माझं नाव न घेता. त्यानंतर मी त्यांच्या आवाजाला कात्री लावली नाही.

जाण्याच्या चार दिवस आधी त्यांनी स्वतःहून मला बोलावलं. अंबाडीची भाजी आणि कण्या, म्हणजे तांदळाचे तुकडे. "घे, तुहं मीठ," म्हणाले आणि मोबाइल पुढे ओढला. मग नेहमीच्याच आवाजात, एक सूरही न चढवता, "हे माह्या मायचं आहे. माय धानाच्या गिरणीत झाडझूड करे. मजुरीत कण्या भेटत. गिरणीवाल्याच्या विहिरीवर मात्र तिले पाणी घेऊ देत नोहते, मोहल्ला आमचा गावाच्या शेवटी. जनाबाई तिचं नाव. आज तुमी जे रांधून राह्यल्या, ते तिच्या हातचं. आता अंबाडी घ्या." पाला उकडून झाला, आंबट पाणी काढून टाकलं, तुरीची डाळ आणि कण्या पडल्या, लसूण-मिरची पडली. "आता झाकण ठेवा. आवाज बदलला का सांगतो." पुढची अकरा मिनिटं फक्त खदखद. मग बाहेरून कोणीतरी ओरडतं, "भाऊ, तीन थाळ्या!" खुर्ची सरकते, आणि माझ्या मोबाइलची बॅटरी संपते. "पुढल्या आठवड्यात शेवट जोडू," ते म्हणाले होते.

केंद्राच्या साहेबांना हा भाग श्रद्धांजली म्हणून लावायचा होता. माणूस वाईट नाही. म्हणाले, "अकरा मिनिटं कोणी बोलत नाही. लोकांना वाटेल केंद्र बंद पडलं. शिवाय शेवट नाही. तेवढं कापून द्या. आणि ते विहिरीचं... श्रद्धांजलीत कशाला?" मी म्हणाले, लावायचं तर सगळं लावा. ते म्हणाले, कळवतो. तीन आठवडे झाले. मी रोज फोन बघते, रोज त्यांना एक जळजळीत पत्र लिहिते, आणि फाडते.

परवा मंगळवारी मेमरी कार्डं भरून मी खानावळीत गेले. पावसाळ्यात भामरागडचा रस्ता तुटायच्या आत ती पोचायला हवीत. पण गाडीत द्यायला पाय निघेना. नऊ वर्षं ज्या बायकांना 'आता' ऐकायची सवय, त्यांच्या हातात मी 'आता' नसलेलं रेकॉर्डिंग देणार? पुन्हा साऱ्या गावाची भाजी बिघडवणार? सुलोचनाबाईंनी अंबाडी निवडायला घेतली. अकरा वाजता रेकॉर्डिंग लावलं. त्यांच्या भांड्यातली डाळ भाऊंच्या डाळीबरोबर पडली. भाऊ म्हणाले, झाकण ठेवा, त्यांनी ठेवलं. मग दोन खदखदी, एक मोबाइलमधली, एक चुलीवरची. मी दोनदा दारापर्यंत जाऊन आले. अचानक कोणीतरी तीन थाळ्या मागितल्या, खुर्ची सरकली, आणि एकच खदखद उरली. मी झाकणाला हात घातला.

"ठेव," बाई म्हणाल्या.

"बाई, रेकॉर्डिंग संपलं."

"भाजी नाई संपली."

"पण त्या बायकांना कोण सांगणार, कधी काढायचं ते?"

"सांगाले काय पाहिजे? नऊ वर्षं ऐकून राह्यल्या त्या. तूच काय ते कापून राह्यली होती."

माझा मोबाइल वाजला. केंद्राचा नंबर. मी घ्यायला गेले तर बाईंनी त्यावर पदराचा बोळा ठेवला. "वाजू दे. भाजी ऐकू येत नाई." मी उभी राहिले. आयुष्यात इतका वेळ मी कुठे गप्प उभी राहिले असेन असं वाटत नाही... मोबाइल पदराखाली वाजून वाजून थांबला. आणि मग झाकणाखालची ती पातळ खदखद जड झाली, सावकाश फद्... फद्... करू लागली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आता," मी म्हणाले.