सरावलीच्या भावाचं नाव मी काढणार नाही

मित्रांनो, आज किनाऱ्यावरच्या आमच्या मुरबे गावात भावकीची बैठक चांगलीच तापली.

वडिलांकडचा वंश शोधायला आम्ही डीएनए तपासणी केली. निकालांची यादी मी ठेवतो. तात्याकाकांचा हॅप्लोग्रुप, म्हणजे बापाकडून मुलाकडे येणाऱ्या जनुकीय खुणांचा गट, सरावलीत राहणाऱ्या, बीडहून आलेल्या एका कारखाना कामगाराशी जुळला. त्याला विचारून मी त्याचंही नाव यादीत लिहिलं.

काका कडाडले, "आमी दर्याचे! त्या घाट्याचं नाव काड!"

"काका, तुमचाच निकाल जुळतोय."

"मग माजंपण काड!"

सगळे हसले, पण त्या कामगाराचं नाव काढायची मागणी कुणी सोडली नाही.

ही जुळणी फार जुन्या काळातला एक बाप दाखवते, एवढंच. पण तो बाप बैठकीत मत घेऊन बदलता येत नाही. नाव राहणार!

तुम्हीच सांगा, पूर्वज हवेत, मग त्यांची बाकीची लेकरं का नकोत?