आईला नावेत बसायचं नाही

मंडळी, आमचा व्हेनिसचा बेत आज दुपारी मोडता मोडता राहिला.

धाकटा भाऊ जर्मनीत नोकरीला आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मी आईला घेऊन त्याच्याकडे जाणार आहे. तिथून दोन-तीन दिवस तिघांनी व्हेनिस बघायचं, असं ठरत होतं. मी आईला कॉम्प्युटरवर फोटो दाखवले. घरांच्या पायऱ्यांना लागलेलं पाणी पाहून तिनं खुर्ची मागे सरकवली.

"तुमी दोघं जा. मी नाई येत."

"काऊन वं आई?"

"लहानपणी पैनगंगेत आमची नाव उलटली होती. तवापासून नावेत पाय नाई ठेवला."

इतक्या वर्षांत हे मला ठाऊकच नव्हतं! लगेच भावाला फोन लावला. तो आईला म्हणाला, "अवं, रेल्वे थेट गावात जाते. स्टेशनाजवळच खोली घेतो. गल्ल्या हायेत, पूल हायेत, पायी पायी फिरू."

आईनं फोटोतला एक पूल बराच वेळ निरखला.

"मंग येतो मी. तुमी नावेत बसा. मी पुलावरून तुमाले पायतो."

संध्याकाळी भावानं खोली ठरवलीसुद्धा. मी खूश आहे.

तुमच्या आईला कशाची भीती वाटते? कधी विचारलंय?