वरच्या कप्प्यातल्या पेशी

आमच्या कॉलेजात अजूनही सांगतात, की पेशींच्या इन्क्युबेटरचा वरचा कप्पा शुभ आहे. नवे विद्यार्थी तिथंच जागा मागतात. हे आता थांबवायला हवं, कारण तो शुभ कप्पा म्हणजे मी होतो.

तीस वर्षं मी रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत अटेंडंट होतो. बाटलीच्या तळाशी काही बसलं, की ती हलवून द्यायची, ही माझी शिस्त. निवृत्तीनंतर मला कंत्राटावर पेशींच्या खोलीत घेतलं. काम एवढंच, की फरशी पुसायची आणि कशाला हात लावायचा नाही.

तिथं पीएच.डी. करणारी एक मुलगी कर्करोगाच्या पेशी वाढवायची. औषध घालूनही त्या मरत का नाहीत, हे तिला शोधायचं होतं. चपट्या बाटल्यांत गुलाबी पाणी आणि तळाशी पेशींचा थर. तो थर मला बघवेना. सकाळी आठला, कुणी नसताना, मी इन्क्युबेटर उघडायचो आणि बाटल्या चांगल्या जोरात हलवून परत ठेवायचो. फक्त वरच्या कप्प्यातल्या. खाली वाकायला गुडघे तयार नव्हते.

महिन्याभरात बोभाटा झाला. वरच्या पेशी औषधानं पटापट मरतात, खालच्या मजेत जगतात. औषध न घातलेल्या मात्र दोन्हीकडे धडधाकट. मुलीनं चार थर्मामीटर लावले. बाटल्यांची अदलाबदल केली. मुंबईहून मेकॅनिक आला, दोनदा चहा प्यायला आणि मशीन ठीक असल्याचं लिहून गेला. तिच्या गाइड सरांनी इन्क्युबेटरचं तोंड पूर्वेला करून पाहिलं. दसऱ्याला कुणीतरी वरच्या कप्प्यात झेंडूचं फूल ठेवलं. मुलगी ओरडली, "अहो, जंतू जातील आत!" फूल मीच काढलं. स्वच्छतेच्या बाबतीत मी फार कडक होतो.

एका गुरुवारी बायकोनं गुडघ्यांना कसलंसं तेल चोळून दिलं आणि मला चक्क वाकता आलं. त्या आनंदात खालच्या बाटल्याही हलवल्या. खालच्या पेशीही मेल्या. मुलीला वाटलं, औषध मोजताना आपणच चुकलो. तिनं वहीतलं ते पान फाडलं. ते केराच्या टोपलीतून मी उचललं, आणि गप्प बसलो.

पुढे तिचं काम तपासणाऱ्या समितीनं तिला विचारलं, "वर असं वेगळं काय आहे?"

"माहीत नाही," ती म्हणाली.

मी तिथंच बिस्किटं वाटत होतो. समितीनं सगळं पहिल्यापासून करायला सांगितलं. तिचं एक वर्ष गेलं. मी तिला क्रीमचं एक बिस्कीट जास्त दिलं. त्याच महिन्यात माझं कंत्राट संपलं. कप्प्याचा प्रभाव गेला, श्रद्धा राहिली.

ती आता नाशिक रोडला शिकवते. गेल्या महिन्यात तिथं जाऊन मी तिला सगळं सांगितलं.

"काका, किती जोरात हलवायचात?"

तिच्या टेबलावरची पाण्याची बाटली घेऊन मी दाखवलं.

"अरे देवा! काका, तुम्ही मिक्सर होतात!" ती हसत सुटली. मग तिनं समजावलं. त्या पेशी एका प्रथिनानं एकमेकींना घट्ट धरून बसतात. धरून असल्या, की आत निरोप जातो आणि त्या अँटिऑक्सिडंट जास्त बनवतात. "माझं औषध त्यांना आतून जाळायचं, त्या आग विझवायच्या. तुम्ही रोज सकाळी त्यांचे हात सोडवत होतात."

"म्हणजे शोध मी लावला?"

"शोध मी लावला, दुसऱ्या वर्षी. तुम्ही मला वेड लावलंत."

मग मी गुरुवारचं सांगितलं. तिचं हसू थांबलं.

"त्या दिवशी मी घरी फोन केला होता," ती म्हणाली. "म्हटलं, मला साधं औषध मोजता येत नाही, सोडून देते."

मी हात जोडले. मग तिनं कोरा कागद पुढे सरकवला. "लिहा. कॉलेजात लावायचंय. आणि गुरुवारचं माझं मोजमाप बरोबर होतं, हे पहिल्या ओळीत."

मी लिहिलं. तिनं वाचून कागद परत दिला.

"'बहुधा बरोबर' लिहिलंय तुम्ही. 'बहुधा' खोडा."

मी खोडलं.