आईनं सोडलेला भात
आंबेमोहोर शिजल्याचा वास आला की मला अजून चीड येते. बारावीच्या वर्षी विंझरच्या घरी आईनं देवापुढं भात सोडला. माझा दिल्लीच्या नावाजलेल्या कॉलेजात नंबर लागेपर्यंत खायचा नाही. घराभोवती सगळी भाताची खाचरं, आणि ही माझ्यासमोर कोरडी भाकरी मोडायची. दिल्ली हुकली त्या दुपारी मी चिडून भात रांधला, तिच्या ताटात वाढला आणि म्हटलं, "आता संपलं, खा." "देवाला शब्द दिलाय," म्हणत तिनं ताट कोंबड्यांपुढं रिकामं केलं. आज माझा लेक दहावीला आहे. मघाशी मी भात वाढायला गेले, तर आईनं ताटावर हात आडवा धरला. म्हणाली, "सोडलेलाच हाये, तर आता ह्याच्या नावानं ऱ्हाऊ दे."