पोत्यातला शाफ्ट आणि लोणारचं पाणी

"शाफ्ट घेऊन देवदर्शनाले कोन जाते वं?" असं माझ्या जावेनं विचारलंच. पण मला एका खेपेत दोन्ही कामं उरकायची होती.

नांदुऱ्याला आमचा सरकीच्या तेलाचा छोटा घाणा आहे. मागे चालू मशीनचा शाफ्ट, म्हणजे फिरणारा पोलादी दांडा, तुटला, पुलीचा तुकडा उडाला आणि समोरच्या पत्र्याच्या भिंतीतून आरपार गेला. त्या भिंतीला पाठ करून आमचे हे रोज स्टुलावर बसायचे. त्या सकाळी मी त्यांना देवाच्या आरतीसाठी हाक मारली म्हणून नुकतेच उठले होते. तेव्हापासून ह्यांनी घाण्यात पाऊल ठेवलं नव्हतं. पत्र्याच्या भोकातून सकाळचं ऊन आत येई आणि रिकाम्या स्टुलावर पुरीएवढा गोल उजेड पडे. मी झाडायला गेले की त्याच्याकडे बघत नसे. पण सरकी यायला लागली होती. मी देवाला बोलून टाकलं, नवा शाफ्ट फिरण्याआधी त्याच्यावर लोणारच्या देवळापाशी अखंड वाहणाऱ्या धारेचं पाणी शिंपडीन.

नवा शाफ्ट भट्टीत कडक करताना किंचित फुगला होता, बेअरिंग चढेना; वरून थोडा कातून काढायला हवा होता. गावातल्या टर्नरनं हात टेकले. पोलाद इतकं कडक की त्याच्याच हत्याराचं टोक जळत होतं. त्यानं मेहकरच्या रफीकभाईंचं नाव सांगितलं. मेहकर लोणारच्याच वाटेवर. म्हटलं, देवानंच जुळवून दिलं.

ह्यांना घेऊन सकाळची एसटी धरली. नांदुरा, खामगाव, मेहकर. बायकांना अर्धं तिकीट, शाफ्टचं लगेज तेवढं वेगळं. गोणपाटात गुंडाळून सीटखाली लांबवला, तर कंडक्टर वाकून म्हणाला, "माय, हे कोन झोपलं हाय?" सगळी गाडी हसली. ह्यांनी मात्र पाय वर घेतले ते मेहकरपर्यंत खाली टेकवले नाहीत.

रफीकभाईंकडे शाफ्ट ठेवून दुसरी गाडी धरली आणि दिवस मावळायच्या आत लोणारला पोचलो. धर्मशाळेत खोली मिळाली. चादर घरची न्यावी. भाकरी-ठेचा बांधून नेला होता, तरी सांगते, साधं जेवण माणशी शंभराच्या आत होतं.

सकाळी धारेवर आंघोळ केली, बाटली भरून घेतली आणि तळ्याकडे उतरलो. वाट दगडांची आहे, चप्पल घट्ट हवी. खाली जावं तसा वरचा आवाज तुटत जातो. झाडीतली पडकी देवळं, आत दिवा नाही, फूल नाही. पाण्याला उग्र वास. काठाला एक मोर उभा होता, तोही गप्प. पाटीवर लिहिलंय की आकाशातून दगड पडला, त्या दाबानं आणि उष्णतेनं इथला खडक वितळला. मी हात जोडले. हे पाण्याकडे बघत हळूच म्हणाले, "तो पडला तवा इथं कोन बसलं असन?"

चढताना मी एकदाही मागं वळले नाही.

मेहकरला परतलो तेव्हा शाफ्ट लेथवर चढवलेला होता. रफीकभाईंनी हत्याराची टीप, म्हणजे कापणारं टोक, दाखवली. तिच्या कोपऱ्यावर ज्वारीच्या दाण्याएवढा काळा तुकडा. "सीबीएन. क्यूबिक बोरॉन नायट्राइड. हिऱ्याच्या खालोखाल कडक. गाड्यांचे गिअर, बेअरिंग, असं कडक पोलाद याच्यानंच कापतात, घासतात."

"मंग हिराच काऊन नाही लावत?" ह्यांनी विचारलं.

"हिरा लोखंडापाशी टिकत नाही, दादा. तापला की लोखंड त्याले खाऊन टाकते. याले नाही खात."

हा दाणा खाणीत मिळत नाही म्हणे. टाल्कम पावडरीसारखी मऊ पांढरी भुकटी असते, तिला भयंकर दाबाखाली आणि उष्णतेत धरतात, तेव्हा हा होतो. मला तळ्याकाठची ती पाटी आठवली.

लेथ सुरू झाला. कटकट नाही, खरखर नाही. कोणी झोपेत श्वास घ्यावा तसा आवाज. टिपेखालून पोलादाची लालभडक फीत निघाली आणि वळत वळत खाली ट्रेमध्ये पडून काळी पडली. मी बघतच राहिले. मग एकदम आठवलं. शाफ्ट तर फिरायला लागला! माझं देवाला बोललेलं राहूनच गेलं! बाटली उघडून मी पुढं धावले.

"वहिनी, पाणी नोका टाकू!" रफीकभाई ओरडले. "टीप तापलेली हाय, तडकन फुटन! हे काम कोरडंच करा लागते. एकच टीप हाय, दुसरी याले आठवडा लागन!"

हात तसाच हवेत राहिला. ती फीत निघत राहिली, पडत राहिली. बोललेलं मोडलं, आता काय उडून यायचं राहिलंय, एवढंच मनात.

मशीन थांबलं. आपणहून हे पुढं झाले आणि नुकत्याच कापलेल्या जागेवर त्यांनी तळवा ठेवला. मी डोळे मिटले.

"अवं, हात लावून पाह्य. गार हाय."

खरंच फार तापलं नव्हतं. आरशासारखं चकचकीत, आणि त्यात आमचे दोघांचे चेहरे लांबुळके, ओळखू न येणारे.

"सगळी आग त्या फितीत निघून जाते," रफीकभाई बेअरिंग चढवून बघत म्हणाले. बेअरिंग बसलं.

परतीच्या गाडीत बाटली माझ्या मांडीवर तशीच भरलेली. माझं तोंड बघून हे म्हणाले, "देवालेही कळते, कुठं पानी टाकाचं अन् कुठं नाही." आणि पाय पोत्यावर ठेवून झोपी गेले.

शाफ्ट बसवला त्या सकाळी मी ते पाणी स्टुलावर शिंपडलं. कोणी बसण्याआधी. घाणा सुरू झाला. हे दारात बराच वेळ उभे राहिले, मग आत येऊन बसले. उजेडाचा गोल बरोबर त्यांच्या पाठीच्या मधोमध पडला. मला बघवेना.

"उद्या तेवढा पत्रा बदलून घेऊ," मी म्हटलं.

"राहू दे," मशीनवरची नजर न हलवता हे म्हणाले. "पाठीले ऊन लागलं की आरतीले उठाचं ध्यानात राह्यते."