अण्णांचा रविवार

अण्णांइतका भित्रा माणूस मी आजवर पाहिला नाही. आणि मला बेचाळीस किलोमीटर पळायला शिकवलं ते याच माणसानं. उन्हाला ते भ्यायचे, ओल्या मोज्यांना भ्यायचे, उपाशी पोटाला तर फारच भ्यायचे. पण सगळ्यात जास्त भ्यायचे ते पळता पळता गप्प झालेल्या माणसाला. बरोबरचं कुणी दोन-तीन मिनिटं बोललं नाही की अण्णांची सायकल त्याच्या अगदी अंगाला लागून चालायला लागायची आणि प्रश्न यायचा, "आईचं माहेर कुठलं?"

सगळ्यांना हा एकच प्रश्न, दर पाच किलोमीटरला. माझं उत्तर नेसरी. ते अण्णांना पहिल्या आठवड्यातच पाठ झालं होतं, तरी विचारायचे. उत्तर चुकलं, अडखळलं, किंवा "किती वेळा सांगू अण्णा" म्हणून कुणी खेकसलं, की ते सायकल आडवी घालायचे. मग त्या माणसाला पुढं एक पाऊल टाकायची मुभा नसायची. कडेला बसवून गूळ-मीठ-लिंबाचं पाणी पाजायचे आणि मिळेल त्या रिक्षात घालून घरी पाठवायचे. ऊन लागल्याचं चिडचिड हे पहिलं लक्षण हाय, म्हणायचे. खेकसणारा माणूस एरवी किती शांत आहे, हे त्यांना माहीत असायचं.

अण्णांची सगळी नोकरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत, भट्टीवर गेली. निवृत्त झाल्यावर ते कोल्हापुरात रंकाळ्यावर पळायला लागले आणि हळूहळू त्यांच्या मागं आम्ही पाच-सहा जण लागलो. मी मंगळवार पेठेत राहणारी, हायस्कुलात भूगोल शिकवणारी बाई. चव्वेचाळिसाव्या वर्षी शाळेचा जिना चढताना छातीत धडधडलं आणि माझे वडील शेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकारानं गेले होते, हे एकदम आठवलं. दुसऱ्या दिवशी मी बूट आणले. म्हणजे मीही भीतीपोटीच पळत होते. अण्णांशी माझं जमलं ते त्यामुळंच असावं.

अण्णांच्या सायकलीला एक कापडी पिशवी असे. तीत मीठ लावलेले उकडलेले बटाटे, खजूर, गुळाचे खडे आणि चपातीचे छोटे लाडू. भूक लागायच्या आधी खायचं, हा त्यांचा कायदा. "कोळसा लाल हाय तवरच म्होरचा टाकायचा," ते म्हणायचे. "विझल्यावर टाकून नुसता धूर हुतोय." माझ्या मनगटावर नवं महागाचं घड्याळ होतं, ते खायची वेळ झाली की थरथरायचं. एकदा अण्णांनी बटाटा पुढं केला तेव्हा मी म्हणाले, अजून घड्याळ वाजलं नाही. त्यांनी घड्याळाकडं नीट निरखून पाहिलं. "त्याला भूक लागती व्हय?" म्हणाले. मी बटाटा खाल्ला. ते स्वतः मात्र रविवारी त्या पिशवीत कधी हात घालायचे नाहीत. चहाच्या गाड्यावरही नुसते उभे राहायचे. विचारलं तर म्हणायचे, "माझं झालंय."

लाज हा प्रकार त्यांच्या भीतीपुढं टिकत नसे. सकाळी रंकाळ्यावर भेटलं की पहिला प्रश्न, "लघवीचा रंग कसला हुता? लिंबू सरबतागत का काकवीगत?" हा प्रश्न त्यांनी मला एकदा माझ्या वर्गातल्या मुलीच्या वडिलांसमोर, खणखणीत आवाजात विचारला. ते गृहस्थ पालकसभेला आले तेव्हा माझ्याकडं बघायचे टाळत होते. काकवी म्हटलं की त्या दिवशी पळणं रद्द. आधी तांब्याभर पाणी, मग घर.

सहामाहीचे पेपर तपासायचे दिवस होते, तेव्हाची गोष्ट. आठवडाभर माझी झोप झाली नव्हती, पण मोबाइलवरच्या वेळापत्रकात अठरा किलोमीटर लिहिले होते म्हणून मी हजर झाले. अण्णांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि विचारलं, "घरातनं येताना जिन्याचा कठडा धरलासा का?" मी आठवून बघितलं. धरला होता. एरवी मी कधी धरत नाही. "मग आज घरला जावा आणि झोपा," ते म्हणाले. मी वाद घातला, वेळापत्रक दाखवलं, पाय अगदी ठीक आहेत म्हणाले. अण्णा जागचे हलले नाहीत. "दमल्यालं माणूस मी दमलोय म्हणत न्हाई, बाई. त्ये आधी कठडा धरतंय." मी घरी जाऊन दुपारी एकपर्यंत झोपले. तेव्हापासून जिना उतरताना माझं लक्ष हाताकडं असतं.

आणखी एक नियम होता. रविवारी लांबचं पळणं झालं की घरी पोचल्यावर अण्णांना फोन करायचा आणि 'पोचलो' एवढंच सांगायचं. आम्ही तो नियम जमेल तसा पाळायचो. अंघोळ करून, नाश्ता करून, एक डुलकी काढून मग आठवण झाली की फोन. एकदा मी दुपारी चार वाजता केला. "बरं झालं," एवढंच अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला घोगरा वाटला होता.

एवढी भीती कुठून आली, हे त्यांनी एकदाच सांगितलं. भट्टीवर त्यांचा जोडीदार होता, बापू. मे महिन्याचे दिवस, जादा पाळी, सकाळपासून पोटात काही नाही. दुपारी बापू विचारायला लागला, माझी म्हैस कुणी सोडली, म्हैस कुठं गेली. भट्टीवरचे सगळे हसले. "मीबी हसलो, बाई. सगळ्यात मोठ्यांदा मीच हसलो. म्हटलं, गंमत करतंय बेनं." अर्ध्या तासात बापू खाली पडला, आणि उठला नाही. हे सांगताना अण्णा माझ्याकडं बघत नव्हते, सायकलीची घंटी पुसत होते.

मग दिवाळीनंतरचा तो रविवार आला. माझी मॅरेथॉन दीड-दोन महिन्यांवर आली होती आणि पहिल्यांदाच बत्तीस किलोमीटर पळायचे होते. ग्रुपमधल्या एकाला ताप, बाकीचे लग्नाला. मी एकटीच उरले. शनिवारी मी अण्णांना म्हणाले, "उद्या सायकल नको. तुम्ही बरोबर पळा. मला भीती वाटते." हे वाक्य माझं होतं. ते मला अजून विसरता येत नाही. अण्णांनी आकाशाकडं पाहिलं आणि म्हणाले, "चला. पळूया की."

पन्हाळा रोडनं केर्ली ओलांडून आम्ही सोळा किलोमीटरला मागं वळलो. अण्णांच्या पाठीवरच्या पिशवीतलं मी खात होते, पीत होते. विसाव्या किलोमीटरला प्रश्न आला, मी नेसरी म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा तोच प्रश्न. मला वाटलं, आज परीक्षा कडक आहे. वडणग्याच्या फाट्याच्या अलीकडं तिसऱ्यांदा आला तेव्हा मला थट्टा सुचली.

"लंडन," मी म्हणाले, आणि हसले.

आता हात आडवा येणार, कडेला बसवणार, लिंबाचं पाणी पाजणार, याची मी वाट पाहत होते. "बरं," अण्णा म्हणाले आणि पळत राहिले.

पुढची चार पावलं मी कशी टाकली मला माहीत नाही. मी वळून त्यांच्याकडं पाहिलं. एवढ्या उन्हात त्यांचा शर्ट कोरडा होता. कानाच्या पाळ्यांवर मिठाची पांढरी पुटं चढली होती. मी पुढं जाऊन दोन्ही हात आडवे केले. अण्णा थांबले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं आणि अगदी सभ्यपणे म्हणाले, "वाट सोडा, पावणं. आमच्या बाई म्होरं गेल्यात. त्यांस्नी गाठायचं हाय."

"अण्णा, मीच बाई."

"न्हाई. त्या म्होरं हाईत. उपाशी हाईत त्या."

ज्यानं रोज मला बाई म्हणून हाक मारली, त्यानं मला पावणं म्हणावं, याची भीती कशी असते ते मला सांगता येणार नाही. मी त्यांचा दंड धरला. रस्त्याकडेला एक गुऱ्हाळ चालू होतं, तिकडं ओढत नेलं. अण्णा झोकांड्या खात होते. गुळाच्या चुलाणाजवळची माणसं हसली. "सकाळ सकाळीच टाकून आलंय की म्हातारं," कुणीतरी म्हणालं. मी वर्गात ओरडत नाही तेवढी ओरडले की ते दारू प्यायलेले नाहीत. मग मात्र सगळी धावली. सावलीत निजवलं, डोक्यावर पाणी मारलं, कुणी गुळाचं पाणी आणलं. अण्णांनी ओठ घट्ट मिटले.

"आज रविवार हाय," ते पुटपुटले.

गुऱ्हाळमालक वयस्क होता. त्यानं पेला खाली ठेवला. "जोतिबाचा रविवार धरलाय त्यांनी," तो मला म्हणाला. "पोटात काय नसंल बघा कालपासनं."

त्याच्याच टेम्पोतून आम्ही दवाखान्यात गेलो. अण्णांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. त्यांचे डोळे मिटले तशी मी त्यांना हलवून विचारायला लागले, "अण्णा, आईचं माहेर कुठलं? अण्णा, आईचं माहेर?" उत्तर आलं नाही. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की त्यांनी उत्तर दिलं असतं, तरी ते बरोबर की चूक हे मला कळलं नसतं. इतक्या दिवसांत त्यांना उलटून हा प्रश्न आमच्यापैकी एकानंही विचारला नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर काकूंनी, म्हणजे अण्णांच्या बायकोनं, मला सगळं सांगितलं. बापू गेला तेव्हापासून अण्णा रविवारचा उपास धरत होते. आम्ही त्यांच्या मागं लागल्यापासून त्यात भर पडली होती. लांबचं पळणं असेल त्या रविवारी, शेवटचं माणूस घरी पोचल्याचा फोन येईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. "त्यांचं आपलं असं, मी तहान सोसली की देव तुमच्याकडं बघंल," काकू म्हणाल्या. दुपारी चारला केलेला माझा फोन मला आठवला. अंघोळ, पोहे आणि डुलकीही आठवली. त्या बाकावर बसून मी रडले.

संध्याकाळी अण्णांनी डोळे उघडले. मी जवळ जाऊन विचारलं, "आईचं माहेर कुठलं?" त्यांनी छताकडं पाहिलं. "गारगोटी," म्हणाले. मी काकूंकडं वळले. काकूंनी मान हलवली. बरोबर होतं.

डॉक्टरांनी पळणं बंद केलं आणि उपासही बंद केले. अण्णा दोन्हीला "व्हय" म्हणाले. पळणं त्यांनी खरंच सोडलं. माझ्यासाठी पिशवी मात्र दर शनिवारी घरपोच यायची.

अण्णा गेल्या पावसाळ्यात गेले. रस्त्यावर नाही, घरात, दुपारच्या झोपेत. रंकाळ्यावर नव्यानं येणाऱ्यांना आता तो प्रश्न मी विचारते, आणि मला उलटून विचारायला लावते. कुणी हसतं, कुणी कंटाळतं. मला चालतं. पण अण्णा डोळ्यांपुढं येतात ते माझ्या स्पर्धेच्या सकाळचे, आणि त्या सकाळी तर मी त्यांना पाहिलंही नव्हतं.

स्पर्धा पुण्यात होती. पस्तिसाव्या किलोमीटरला माझे पाय माझे राहिले नाहीत. मळमळत होतं, हातापायांत थंडी भरली होती आणि छातीत जिन्यावरची ती धडधड सुरू झाली होती. वडील डोळ्यांसमोर आले. मी फुटपाथवर बसले आणि आपण थांबतोय हे सांगायला अण्णांना फोन लावला.

"आईचं माहेर कुठलं?" मी बोलायच्या आधीच तिकडून प्रश्न आला.

"नेसरी."

"दमानं सांगा. छातीत दुखतंय का नुसतं धडधडतंय?"

"धडधडतंय."

"खिशात काय हाय?"

"बटाटा. गूळ."

"खावा. पाणी घ्या. धडधड बसूस्तोवर उठायचं न्हाई. मग चाला, आणि जमलं तर पळा. न्हाई जमलं तर गाडीत बसा, पर घरला पोचा."

मी बटाटा तोंडात घातला आणि मग मला आठवलं, तोही रविवार होता. "अण्णा, तुम्ही पाणी प्यालात ना?"

मागून काकूंचा आवाज आला. "काल रात्रीपासनं थेंब न्हाई. माझं ऐकत न्हाईत, डॉक्टरांचं ऐकत न्हाईत. तुम्हीच पोचा की लवकर, बाई."

मला भयंकर राग आला. त्या टेम्पोतलं मांडीवरचं डोकं आठवलं तशी रागाची जागा भीतीनं घेतली. बटाटा संपवला, गूळ चघळला, पाणी प्याले. हळूहळू धडधड बसली, हातांत ऊब आली. मी उठले, दोनशे पावलं चालले आणि पळायला लागले. शेवटचे सात किलोमीटर रस्त्यात कोण टाळ्या वाजवत होतं, कोण पाणी देत होतं, काही आठवत नाही. कोल्हापुरात एक म्हातारा माणूस भरलेला तांब्या समोर ठेवून बसला आहे, एवढंच डोक्यात होतं. थांबायला मला सवडच नव्हती.

शेवटची रेघ ओलांडल्यावर कुणीतरी माझ्या गळ्यात पदक घातलं. मी ते बघितलंसुद्धा नाही. आधी फोन लावला.

"अण्णा, पोचले."

तिकडून फरशीवरून तांब्या उचलल्याचा आवाज आला, आणि मग घटाघटा पाणी पिण्याचा. तांब्या रिकामा होईपर्यंत मी फोन कानाला लावून उभी राहिले.