नऊ वर्तुळं

गोदीत त्यांना सगळे कानसेन म्हणायचे. नौदलाचं जहाज दुरुस्तीला कोरड्या गोदीत आलं की हे हातोडी घेऊन त्याच्या पोटाखाली शिरायचे, पत्र्यावर ठोकायचे आणि जिवाचा कान करून ऐकायचे. टण्ण वाजला तर पत्रा धड, भद्द वाजला तर गंजून पातळ. तिथे खडूने वर्तुळ काढायचं. चौतीस वर्षं हेच. माणूस हेकट, पण कानाचा पक्का!

एका जहाजाला असे तीन आठवडे जायचे, आणि वरच्यांना घाई. म्हणून चुंबकाच्या चाकांवर पत्र्याला चिकटून फिरणारं, त्याची जाडी मोजणारं यंत्र आलं. आणलं कोणी? त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या इंजिनीअर पोरीने.

"कानामागून आली अन् तिखट झाली," कानसेन म्हणाले. ती नुसती हसली.

यंत्र घ्यायचं की नाही हे चाचणीवर ठरणार होतं. पत्रे तेच, आधी कानसेन, मग यंत्र.

आता खरं सांगायचं तर कानसेनांचे कान गेले होते. घरात कुकरची शिट्टीसुद्धा ऐकू येईना. हे ठाऊक होतं एकट्या बायकोला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ती कानाशी येऊन म्हणायची, "निवृत्तीला वर्ष उरलंय. गप्प बसा." बसले बिचारे गप्प. हातोडी मारून दुसरा तळहात पत्र्यावर टेकवायचा आणि थरथर चाचपायची, अशी नवी रीत त्यांनी काढली.

चाचणीत त्यांची नऊ वर्तुळं झाली. यंत्राने अकरा जागा दाखवल्या.

"नुसत्या हातोडीने अकरातल्या नऊ! कमाल केलीत, काका," पोरगी मोठ्याने म्हणाली. साहेबांनी पाठ थोपटली. टाळ्या त्यांना दिसल्या.

पण ते आपल्या वर्तुळांकडेच बघत राहिले. दोन जागा सुटल्या! चार महिन्यांपूर्वी त्यांनीच पास केलेलं जहाज भर समुद्रात होतं आणि त्यावर त्यांचा जावई होता. लेकीला सातवा महिना.

"ते जहाज परत बोलवा," ते साहेबांना म्हणाले. "मला ऐकू येत नाही. केव्हापासून, ते मलाच नक्की माहीत नाही."

साहेबांचा चेहरा उतरला. त्याच संध्याकाळी हातोडी जमा झाली. जहाज अर्ध्या वाटेतून परत फिरलं, त्याची मोहीम बुडाली, आणि कालपर्यंत काका काका करणारे गोदीवाले तोंड फिरवू लागले. बायको दोन दिवस बोलली नाही. हे आपले रोज सकाळी कपडे करून खुर्चीत बसायचे. जायचं कुठे, सांगा!

आठव्या दिवशी ती पोरगी घरी आली. यंत्राने सगळं जहाज दोन दिवसांत तपासलं होतं. तिने तीनदा सांगून पाहिलं, शेवटी कागदावर लिहिलं : 'एकही जागा सुटलेली नाही. सगळे पत्रे धड.'

कानसेनांनी वाचलं. जावई सुखरूप होता. हायसं वाटून त्यांना रडूच फुटलं. मग ते म्हणाले, "म्हणजे तेव्हा मला ऐकू येत होतं."

तिने होकारार्थी मान डोलावली.

"मग मला परत घेतील का गं?"

तिचे डोळे भरून आले. खाली मान घालून ती काहीतरी बोलली. त्यांना ते ऐकू आलं नाही. कागद आणि पेन तिथेच टेबलावर होतं, पण लिहून दे असं काही ते म्हणाले नाहीत.